'लोखंडी डबा' म्हणणाऱ्या वाचकास

प्रतिक्रिया वाचून आधी चिडलो, खरं सांगतो. आडगावचे तुम्ही ट्रकमालक. लिहिता की जुन्या अमेरिकन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं माझ्या आधीच्या लेखातलं कौतुक म्हणजे म्हाताऱ्या पहिलवानाच्या गप्पा. तीन गिअरचा लोखंडी डबा, इंधन ढोसणारा. तुमचा नवा ऑटोमॅटिक ट्रक कसारा घाट आरामात चढतो.

'लोखंडी' हा शब्द मात्र मूळ माझ्या लेखातलाच, आणि तो चुकलाय. मी ज्याच्याबद्दल लिहिलं त्या जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० गिअरबॉक्सची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमची. १९६४ च्या मॉडेलांपासून तो आला. पुढे रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोतही बसला आणि अमेरिकी लष्कराच्या हमवी गाडीतही. त्याची ताकद केसिंगात नाही. गिअर तीनच, आतले भाग मोजके आणि दणकट, आणि इंजिनवर भार वाढला की ऑइलचा दाब आपोआप वाढतो. दाब वाढला की क्लच प्लेटा घट्ट धरतात, घसरत नाहीत. घसरल्या नाहीत तर जळायच्या कशाला?

इंजिनवरचा भार गिअरबॉक्सला कळवणारी एक छोटी डबी असते, मॉड्युलेटर. मस्कतला गॅरेजात असताना पाण्याची टाकी वाहणारी एक पेट्रोल पिकअप आली. मागून पांढरा धूर. आधीच्या गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितलं होतं. मी मॉड्युलेटरला इंजिनकडून येणारी व्हॅक्यूमची नळी उपसली, तर लालभडक ऑइल बोटावर ओघळलं. आतला पडदा फाटलेला, इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल शोषून जाळत होतं. डबी बदलली, ऑइल भरलं, दुपारी गाडी कामावर.

पण जुनं ते सगळं दणकट, असं मी म्हणणार नाही. त्याच कंपनीचा १९८२ चा ७००-आर-४ गिअरबॉक्स घ्या. चौथा गिअर आला, मायलेज सुधारलं, पण दाब ठरवणारी थ्रॉटलची केबल नीट लावली नसेल तर दाब पडायचा आणि तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा जळायच्या.

इंधनाचं तुमचं बरोबर. ४०० च्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप, म्हणजे इंजिनशी थेट जोडणारी कडी, नव्हतं; इंजिनचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर, ओव्हरड्राइव्हही नव्हता. हायवेला इंजिन उगाच ओरडत राहायचं. १९९१ च्या ४एल८०-ई गिअरबॉक्समध्ये दोन्ही आले, मूळ बांधणी बरीचशी ४०० चीच.

आता तुमचा ट्रक. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकले जाणारे बहुतेक ट्रक एएमटी असतात. म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच. क्लच दाबायचं काम पायाऐवजी कॉम्प्युटर करतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये चढावर रांगताना उष्णता ऑइलमध्ये जाते, कूलर ती बाहेर टाकतो. एएमटीत ती थेट क्लच प्लेटला. तुलना करताय ती दोन वेगळ्या जातींची.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की घाटातल्या ट्रॅफिकमध्ये एकदा 'जरा जळका वास' आला. तो सहज घेऊ नका. चढावर थांबलात की ॲक्सिलरेटरवर ट्रक तोलून धरू नका, हँडब्रेक लावा, पुढची गाडी चांगली वीसेक फूट सरकू द्या, मगच उचला. आणि पुढच्या सर्व्हिसला क्लच किती झिजलाय ते बघून घ्या.