बूस्टर मॉड्यूलचा स्क्रू म्हणजे गिअर नव्हे

लाइट जाण्याचे दिवस आले की हा मेसेज फिरायला लागतो. या वेळी मला तो तिघांनी पाठवला, त्यातला एक माझाच भाचा. मजकूर असा: ‘३.७ व्होल्टचा एक लिथियम सेल आणि ६० रुपयांचं बूस्टर मॉड्यूल, झाला राउटरचा यूपीएस! व्होल्टेज तिप्पट म्हणजे पॉवर तिप्पट. १२ व्होल्ट २ अॅम्पिअर आरामात. स्क्रू हा गिअर आहे, सेल उतरला की थोडा फिरवा. २८ व्होल्टपर्यंत हवे तेवढे घ्या. राउटर चालू होताना लाइटने डोळा मारला तर मॉड्यूल डुप्लिकेट समजा. शॉर्ट झालं तर चिप आपोआप सेल तोडते.’ बूस्टर मॉड्यूल म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारा छोटासा बोर्ड, आणि स्क्रू म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज ठरवायला त्यावर असलेला. मेसेजसोबत फोटो, मल्टीमीटरवर १२.०४.

फोटोबद्दल माझी तक्रार नाही. मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर कुठलंही मॉड्यूल १२ व्होल्ट दाखवेल. राउटरला अर्धा-एक अॅम्पिअर लागतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

‘पॉवर तिप्पट’ हे आधी निकालात काढू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २६०० एमएएचचा सेल म्हणजे ३.७ व्होल्टला साधारण ९.६ वॉट-तास. मॉड्यूलने ८५ टक्के कार्यक्षमता दिली असं उदारपणे धरलं, तर बाहेर ८.२ उरतात. १२ व्होल्टला ते ६८० एमएएच होतात. अर्धा अॅम्पिअर घेणारा राउटर त्यावर सव्वा तासाहून थोडा जास्त चालेल. वाईट नाही, पण तिप्पट कुठेच नाही.

‘२ अॅम्पिअर आरामात’ याचंही गणित असंच. १२ व्होल्टला २ अॅम्पिअर म्हणजे २४ वॉट, आणि त्यासाठी सेलमधून साडेसात अॅम्पिअर ओढावे लागतील. या मॉड्यूलवर बहुधा एमटी३६०८ ही सहा पायांची चिप असते आणि तिच्या आतला स्विच ४ अॅम्पिअरला हात वर करतो. ३.७ व्होल्टवर कागदोपत्री जेमतेम एक अॅम्पिअर निघतो, आणि तोही चिप भाजत असताना. आत ९ व्होल्ट देऊन १२ काढले तर २ अॅम्पिअरचं गणित जुळतं. जाहिरात आत काय द्यायचं ते सांगत नाही, एवढंच.

आता गिअर. सगळ्या मेसेजमध्ये चुकीची पण डोक्यात पटकन बसणारी कल्पना हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

चिपमधला स्विच चालू असतो तेव्हा सेल बोर्डावरच्या कॉइलमधून थेट ग्राउंडला, म्हणजे मायनसला, जोडलेला असतो आणि कॉइलमधला करंट चढत जातो. स्विच बंद झाला की कॉइल तो करंट एकदम थांबू देत नाही. सेलच्या व्होल्टेजवर स्वतःचं व्होल्टेज चढवून ती तो डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून, आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या टाकीत, ढकलते. लांब पाइपलाइनवरचा नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन वाजतो ना, तोच हा प्रकार. पाण्याच्या त्या धक्क्यावर चालणारा, आपोआप पाणी वर चढवणारा पंप फ्रान्समध्ये बलूनवाल्या माँगोल्फिए भावांपैकी जोसेफने १७९६ साली केला होता. खालून पुष्कळ पाणी वाहून जातं, त्यातलं थोडं उंच चढतं. आपली चिप तेच सेकंदाला १२ लाख वेळा करते.

एक फेरी ०.८३ मायक्रोसेकंदाची. त्यात स्विच किती वेळ चालू ठेवायचा यावर सगळं ठरतं. ३.७ चे १२ करायला आदर्श हिशेबाने ६९ टक्के वेळ. सेल पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ ला असेल तर ६५ टक्के, आणि ३.० वर उतरला तर ७५. मग ही वाटणी बदलतं कोण? मेसेज म्हणतो, तुम्ही, स्क्रू फिरवून. नाही. चिप स्वतः.

स्क्रूवाला निळा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, १०० किलोओहमचा असतो आणि त्याच्याखाली बहुतेक बोर्डांवर २.२ किलोओहमचा रेझिस्टर. दोघे मिळून आउटपुटचा एक लहानसा हिस्सा चिपच्या फीडबॅक पायाला दाखवतात. १२ व्होल्ट म्हणजे काय हे चिपला माहीतच नसतं. तिला एकच ठाऊक, त्या पायावर ०.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. स्क्रूने तुम्ही फक्त ‘विसावा हिस्सा दाखव’ असं ठरवता, प्रीसेट ४१.८ किलोओहमवर येतो आणि ०.६ गुणिले २० असे १२ व्होल्ट होतात. सेल उतरला, आउटपुट किंचित खचलं, फीडबॅक ०.६ च्या खाली गेला की चिप कॉइलमधला करंट आधीपेक्षा थोडा जास्त चढू देते आणि मगच स्विच तोडते. आउटपुट परत जागेवर. राउटरने जास्त करंट मागितला तरी हेच. गिअर कुठे बदलायचा हे बघणारा ड्रायव्हर आत बसलेला आहे, आपण त्याला फक्त वेग सांगतो.

म्हणूनच ‘सेल उतरला की थोडा फिरवा’ हा सल्ला घातक आहे. सेल ३.२ ला असताना आउटपुट १० वर घसरलं, तर चिप करंटच्या मर्यादेला टेकलेली असते. तेव्हा स्क्रू फिरवून काहीही वाढत नाही, फक्त मागणी १५ व्होल्टची होऊन बसते. सेल चार्ज करून लावला आणि लोड, म्हणजे जोडलेल्या उपकरणाची मागणी, हलका असला की मागितलेले १५ खरंच हजर होतात. हे मी स्वतः केलेलं आहे. राउटरमधला एक कपॅसिटर फुगला, आणि घरात आठवडाभर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

उलट अनुभवही येतो. नव्या मॉड्यूलचा स्क्रू पाच-सहा वेढे फिरवूनही आकडा हलत नाही आणि माणूस ते खराब समजतो. सेट केलेली किंमत इनपुटपेक्षा कमी असेल तोवर काही हलणारच नाही. बूस्टर व्होल्टेज खाली आणू शकत नाही.

२८ व्होल्टचा आकडा नुसत्या रेझिस्टरांतून येतो. प्रीसेट पूर्ण फिरवला की ०.६ गुणिले साधारण साडेसेहेचाळीस, म्हणजे २७.९. लोड लावला की चित्र वेगळं. १२ ओहमचा लोड आणि कॉइल, स्विच, वायर मिळून ०.१२ ओहमचा विरोध धरा. स्विच ९० टक्के वेळ चालू असताना व्होल्टेज जास्तीत जास्त पाचपट होतं, म्हणजे ३.७ चे १८.५, २८ नव्हेच. त्यापुढे स्विच आणखी वेळ चालू ठेवला तर ते उलट पडायला लागतं, कारण आउटपुटला द्यायला वेळच उरत नाही.

लाइटने डोळा मारणं, म्हणजे क्षणभर मंद होणं, मात्र मला मनापासून आवडतं. राउटर अचानक करंट ओढतो, चिपला जास्त द्यायचं असतं, त्यासाठी आधी कॉइल जास्त भरावी लागते, म्हणजे स्विच जास्त वेळ चालू. पण स्विच चालू असताना आउटपुटला कॉइलकडून काहीच मिळत नाही, लोड एकट्या कपॅसिटरवर चालतो. म्हणजे सावरण्याचा पहिला परिणाम आणखी खचणं हाच! चिपने घाई केली तर ती याला फसून हेलकावे खायला लागेल, म्हणून तिचं नियंत्रण मुद्दाम सावकाश ठेवलेलं असतं. अस्सल मॉड्यूलही डोळा मारतं. हे खचणं कमी व्हावं म्हणून मी आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावतो.

राहिला शॉर्ट, आणि इथे थट्टा नको. चिप बंद करू शकते तो फक्त स्वतःचा स्विच. सेलपासून आउटपुटपर्यंतची वाट कॉइल आणि डायोडमधून जाते, स्विचमधून नाही. चिप पूर्ण बंद असली तरी आउटपुटला सेलचं व्होल्टेज, डायोडपुरतं कमी, येतच राहतं. आउटपुट शॉर्ट झालं तर सेल मोकळेपणाने करंट ओततो, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सुट्या सेलला संरक्षणाचा बोर्डही नसतो. भाच्याला म्हणून एवढंच कळवलं: सेलला संरक्षणाचा बोर्ड लाव, ५ अॅम्पिअरचा फ्यूज मॉड्यूलच्या आधी सेलच्या लाल वायरमध्ये घाल, व्होल्टेज लोड लावून मोज, आणि प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाक, म्हणजे मेसेज वाचून कोणी तो फिरवणार नाही.