माल भरतो एक, दंड भरतो दुसरा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून खानापूर रोडला लागलं की पुढ्यात कास्टिंगनं, म्हणजे ओतीव लोखंडी भागांनी ठासून भरलेला ट्रक असतोच. मागचे दिवे फुटलेले, नंबरप्लेट चिखलानं माखलेली, रेडियमची पट्टी कधीच निघून गेलेली. गिअर बदलला की काळ्या धुराचा लोट थेट तोंडावर. डावीकडे खड्डा, उजवीकडून बस रेटत येते, आणि मधे आपण दुचाकीवर. याच धुरातून आयाबाया पोरांना मागे बसवून शाळेत सोडायला जातात. संध्याकाळी तोंड धुतलं की पाणी काळं निघतं. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि आम्ही नाकाला रुमाल बांधून गप्प बसतोय. आता नाही बसवत गप्प.

माझा राग ड्रायव्हरवर नाही, हे आधीच सांगतो. परवा आमच्या शेडवर माल उतरवायला आलेल्या एकाला विचारलं, एवढं भरू कसं दिलंस? गाडी त्याची स्वतःचीच. म्हणाला, "मामा, मी नको म्हटलं की लगेच दुसरी गाडी लागते. भाडं टनावर मिळतंय, आणि गाडीचा हप्ता काय थांबत नाही." त्याचे डोळे लाल होते. आदल्या रात्री तो झोपलाच नव्हता. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तासच काम, हा नियम 1961 च्या कायद्यापासूनचा आहे. एवढ्या वर्षांत तो या माणसाच्या स्टिअरिंगपर्यंत पोचलेला नाही.

आता वजनाचं बघा. 2018 साली केंद्रानं मर्यादा वाढवून दिली. दहा चाकी ट्रकचं गाडीसकट वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर नेलं. मर्यादाच वाढली म्हटल्यावर ओव्हरलोड कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच. वाढवून दिलेली मर्यादा हक्काची धरली आणि तिच्यावर आणखी रचायला लागले. 2019 पासून दंड वाढला. जादा वजनाला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. त्याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी धरलाय. हे छापलेलं आहे, लागू आहे. मग माल भरून देणाऱ्या कारखानदाराला, ट्रान्सपोर्ट एजंटाला या कलमाखाली ओढलेलं आपण कुणी का बघितलं नाही? रस्त्यात अडवलं जातं ते ड्रायव्हरला. पावती फाडतात त्याच्या नावानं, आणि बऱ्याचदा पावतीसुद्धा फाडत नाहीत.

पुरावा नाही म्हणायची तर सोयच नाही. कारखान्याच्या गेटवरच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही वजनं छापून पावती निघते. 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना लागतो, त्यात मालाचा तपशील असतो आणि गाडीचा नंबरही असतो. त्या नंबराची पासिंग, म्हणजे मंजूर वजन, किती टनांची, ते आरटीओकडे नोंदलेलं आहे. हे कागद शेजारी शेजारी ठेवले तर कोण किती जादा भरून पाठवतोय ते ऑफिसात बसल्या बसल्या कळतं. त्यासाठी पोलिसानं भर उन्हात चौकात उभं राहायची गरज नाही.

आणि ऊस! गाळप हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, कुठल्याही रस्त्याला रात्री जाऊन बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर मोळ्या अशा रचलेल्या की ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर लोंबतोय. मागे दिवा नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नाही, दोन्ही ट्रॉल्यांचा भार तो एकटा ट्रॅक्टर थोपवणार. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते आणि सगळंच आडवं होतं. वर टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. टायर फुटला तर ट्रॉली तिथंच रस्त्यावर सोडायची, भोवती चार दगड मांडायचे, झालं. दुरुस्त झाली की ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. समोरून लाईटचा झोत डोळ्यावर आला की अंधारातली ती ट्रॉली दिसतच नाही. त्या ट्रॉलीखाली, त्या दगडांवर आपल्या गावातली तरणी पोरं गेलीत. तालुक्यातलं असं एक गाव दाखवा जिथं असं मरण झालेलं नाही.

साखर कारखान्याला हे ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. शेतकऱ्याचं बिल टनावर निघतं. कुठल्या ट्रॉलीतून किती ऊस आला हे काट्यावर किलोपर्यंत मोजलेलं असतं. ज्या काट्यावर शेतकऱ्याचा हिशेब होतो, त्याच काट्यावर त्या वाहतुकीचा गुन्हाही नोंदला जातो, फक्त तो कुणी वाचत नाही. ट्रॉलीला रेडियम आणि मागचा दिवा नसेल तर गेटच्या आत घेणार नाही, असं कारखान्यानं ठरवलं तर आठ दिवसांत प्रत्येक ट्रॉलीला रेडियम लागेल. कारण गेटबाहेर थांबलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि हे वाहतूकदाराला सगळ्यांत आधी कळतं.

ओव्हरलोडचा त्रास अपघातापुरता नसतो. एक्सलवरचा भार वीस टक्क्यांनी वाढला की रस्त्याची झीज जवळपास दुप्पट होते. आपले रस्ते पहिल्या पावसात उखडतात त्याला ठेकेदार जबाबदार आहेच, पण त्यावरून जाणारं हे जादा वजनही आहे. तवंदी घाटात, वंटमुरीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होतात, तेही याच वजनानं. लोखंडी सळ्या गाडीबाहेर काढून न्यायला 2014 पासून बंदी आहे. तरी सळ्या बाहेर, टोकाला लाल चिंधी बांधली की काम झालं. अंधारात ती चिंधी कुणाला दिसणार?

धुराचं तर कुणाला काहीच पडलेलं नाही. नीती आयोगाच्याच अहवालात आहे की देशातल्या वाहनांत ट्रक जेमतेम तीन टक्के, पण वाहनांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून जास्त त्यांचे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक निकष आला, नव्या गाड्या स्वच्छ झाल्या, ते खरं आहे. पण आपल्या औद्योगिक वसाहतींत फिरतात त्यात जुन्या गाड्या किती, ते बघा. त्यांच्याकडे पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला असतो. कारण ती तपासणी गाडी जागेवर उभी करून नुसता ॲक्सिलरेटर दाबून होते, पाठीवर माल नसताना. दुप्पट माल घेऊन चढावर जाताना ती किती धूर सोडते, हे त्या कागदावर येतच नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा असा दिवसभर फिरणारा माल बॅटरीवरच्या छोट्या गाड्यांतून सहज जाईल. मिरज-लोंढा रेल्वेमार्ग दारातून जातो, त्यावरून दूरचा जड माल आणखी जाऊ शकतो. पण तोपर्यंत निदान आहे त्या गाडीत पासिंगएवढाच माल भरा!

कुणाला विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं. गाडी महाराष्ट्राची, माल गोव्याला चाललेला, हायवे केंद्राचा, गावातला रस्ता महापालिकेचा. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नाहीतर म्हणतात, बायपास झाला की सुटेल. हलगा-मच्छे बायपाससाठी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांची पिकती भातशेती चाललीय, त्यासाठी ते कोर्टात गेले, रस्त्यावर आले. आणि एवढं करून त्या बायपासवरून जाणार काय? हाच फुटक्या दिव्यांचा, दुप्पट भरलेला ट्रक.

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती करायला आमदार-खासदाराच्या दारी जायची गरज नाही. कारखान्याच्या गेटवर जो काटा आहे, त्यावर पासिंगपेक्षा किलोभर जरी जास्त आलं तरी गाडी बाहेर सोडायची नाही. सोडली तर दंडाची पहिली नोटीस माल भरणाऱ्याच्या ऑफिसात जाऊ दे. उद्योजकांच्या संघटनांनी हे स्वतःहून सुरू करावं, साखर कारखान्यांनी यंदाची मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू करायच्या आधी ट्रॉल्या तपासाव्यात. नाही केलं तर आपण काट्याच्या पावत्या गोळा करू, ट्रकचे नंबर लिहून घेऊ आणि जिल्हाधिकारी कचेरीत टेबलावर नेऊन ठेवू. माझ्या शेडवर येणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती मी ठेवायला लागलोय. तुम्हीही ठेवा.