पन्नास डॉलरच्या नोटेवरचा माणूस

'द ट्वेंटिएथ सेंच्युरी' हा कॅनडाचा सिनेमा घरी लॅपटॉपवर पाहिला आणि डोक्यातून जाईना. मॅथ्यू रँकिन या दिग्दर्शकाचा २०१९ चा हा पहिलाच मोठा चित्रपट. विषय मॅकेंझी किंग यांचं तरुणपण. हे गृहस्थ २१ वर्षांहून जास्त काळ कॅनडाचे पंतप्रधान होते, तिथल्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे.

चरित्रपट समजून बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत उठाल. रस्ते, इमारती, बर्फ सगळं रंगवलेलं, टोकदार, उघड उघड खोटं. पंतप्रधान कोण होणार हे स्पर्धेतून ठरतं. फीत कापायची, रांगेत मुकाट्यानं उभं राहायचं आणि सीलच्या पिल्लांना दंडुक्यानं मारायचं. तो प्रसंग बघताना अंगावर काटा येतो, कारण शर्यतीतला एकही उमेदवार 'हे कशासाठी?' असं विचारत नाही. किंगला बुटांच्या वासाचं वेड, आणि त्या लाजेनं तो पोखरलेला. अंथरुणावरून मुलाचं भविष्य सांगणारी आई साकारलीय लुई नेगिन या पुरुष नटानं. मला आपली गवळणीतली मावशी आठवली.

मित्र म्हणाला, मेलेल्या नेत्याची एवढी चेष्टा बरी नव्हे. मला हे अजिबात पटत नाही. किंग यांनी १८९३ पासून जवळजवळ मरेपर्यंत डायरी लिहिली. एकटेपणा, आईवरची भक्ती, मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठका, सगळं त्यांच्याच हातचं आहे. सिनेमानं तेच घेऊन हवं तेवढं फुगवलं. त्यातून भेकड, लाजरा, आईच्या स्वप्नाखाली दबलेला पोरगा दिसतो, आणि मला त्याची कणव आली. हे पूज्य चरित्रपटात कधी होत नाही. तिथला नेता शाळेतच थोर असतो.

सोलापुरातल्या सात रस्त्यावरचे वाढदिवसाचे डिजिटल फलक बघा की. एकाही भावी नेत्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते का? माणूस असेल तर ती असणारच. ती लपवायला तो काय काय करतो, हे मतदाराला कळायला नको का?

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' उभं केलं, नाना फडणवीसांना नाचवलं. विरोध झाला, पण नाटक टिकलं. 'किस्सा कुर्सी का' या राजकारणाची टर उडवणाऱ्या हिंदी सिनेमाचं नशीब वेगळं. त्याची निगेटिव्हसुद्धा आणीबाणीत जाळून टाकली. नंतर तो पुन्हा बनवावा लागला.

किंगवरच्या या सिनेमाला टोरंटोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट कॅनडियन पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. नोट आहे तशी चालू आहे. मराठीत असं कुणी करणार असेल तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. तोवर हा बघा, सबटायटल लावून. फक्त पोरांना सोबत बसवू नका.