‘लॅपटॉप विका, मोठा टॅबलेट घ्या’ या सल्ल्याला एका कर-सल्लागाराचे उत्तर

इंदूरच्या मराठी व्यावसायिकांमध्ये गेले काही महिने एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : तेरा-चौदा इंची टॅबलेट घेतला की लॅपटॉपची गरज उरत नाही, त्यातली चिप लॅपटॉपचीच असते, कीबोर्ड जोडला की तो लॅपटॉपच होतो, हल्ली सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात आणि जी होत नाहीत ती दूरच्या संगणकाला जोडून घेऊन करता येतात, शिवाय ओझे हलके होते आणि पैसेही वाचतात. शेवटी सीए, वकील, वास्तुरचनाकार, छपाईवाले आणि विद्यार्थी या सगळ्यांनाच लॅपटॉप विकून टाकण्याचा सल्ला दिलेला आहे. मी कर-सल्लागार म्हणून काम करतो, माझे बरेचसे क्लायंट सियागंज आणि कापड मार्केटमधले व्यापारी आहेत, आणि हा संदेश दाखवून ‘घेऊ का?’ असे विचारणाऱ्यांत बी.कॉम. करणाऱ्या मुलांचे आईवडील सर्वांत जास्त आहेत. एकेकाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा मुद्दा मुद्दा घेऊन एकदा नीट लिहिलेले बरे, असे वाटल्याने हे लिहीत आहे.

चिपबद्दलचे विधान खरे आहे. ॲपलची एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुकमध्ये आली आणि २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये तीच बसवली गेली. एम४ चिप तर मे २०२४ मध्ये आधी आयपॅडमध्येच आली आणि मॅकवाल्यांना तिच्यासाठी त्या वर्षाच्या अखेरपर्यंत थांबावे लागले. मात्र संदेश लिहिणाऱ्याने यातून जो निष्कर्ष काढला आहे, त्याच्या नेमका उलटा निष्कर्ष यातून निघतो. इतकी वर्षे चिप तीच असूनही मॅकवर सहज होणारे काम आयपॅडवर अडत असेल, तर अडचण ताकदीची नाही हे उघड आहे. टॅबलेटवर कोणते प्रोग्रॅम बसवू द्यायचे, बाहेरच्या उपकरणाचे ड्रायव्हर (ते उपकरण ओळखून चालवणारे छोटे प्रोग्रॅम) चालू द्यायचे की नाही, समोरच्या खिडकीमागे एखादे काम किती वेळ सुरू राहू द्यायचे, हे सगळे कार्यप्रणाली ठरवते. आयपॅडओएस २०१९ मध्ये आयफोनच्या प्रणालीपासून वेगळी झाली, २०२२ मध्ये तिच्यात एकावर एक खिडक्या ठेवता येऊ लागल्या, आणि संगणकावर असते तशी मेनूची पट्टी मिळायला २०२५ साल उजाडले. सुधारणा होत आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. पण टॅलीप्राइम, म्हणजे आपली टॅली, हा विंडोजसाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, आणि जगातली सर्वांत वेगवान चिप असली तरी तो आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅबलेटवर बसवता येत नाही. इंदूरच्या बाजारातले हिशेब मोठ्या प्रमाणावर टॅलीत आहेत, त्यामुळे आमच्या धंद्यापुरता प्रश्न इथेच बराचसा सुटतो.

कीबोर्डाच्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नाही. कीबोर्डाने टायपिंग सुधारते, प्रणाली बदलत नाही. ज्याला टॅलीत पेमेंटसाठी एफ५, विक्रीसाठी एफ८ आणि खरेदीसाठी एफ९ दाबत, उजव्या हाताच्या अंकांच्या पट्ट्यावर न पाहता दिवसभर व्हाउचर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, टाकायची आहेत, त्याच्यासाठी टॅबलेटला चिकटणारा तो पातळ कीबोर्ड तसाही पुरेसा नसतो.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती ‘सगळे ब्राउझरमध्ये होते’ या वाक्याने, कारण ते अर्धे खरे आहे. एका मालकाची साधी पेढी असेल तर तिचे जीएसटी विवरणपत्र ओटीपी टाकून भरता येते, आणि ते टॅबलेटवरूनही भरता येते. ई-वे बिल काढणे, आपल्या नावावर कापलेला कर दाखवणारे २६एएस पाहणे, नोटीस उघडून वाचणे यांतही काही अडचण येत नाही. पण कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असली की जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही सक्तीची होते. कंपनीचे आयकर विवरणपत्र, सीएने चढवायचा लेखापरीक्षण अहवाल, कंपनी खात्याकडे जाणारे वार्षिक फॉर्म, ठेकेदारांच्या ई-निविदा, या सगळ्यांना तीच सही लागते.

ही सही प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहिले तर मुद्दा ध्यानात येईल. अंगठ्याएवढे एक यूएसबी टोकन असते आणि सहीची गुप्त किल्ली त्याच्या आतच राहते. ती बाहेर काढून फाइलसारखी दुसरीकडे ठेवता येत नाही, कारण सुरक्षिततेचा सगळा आधारच तो आहे. हे टोकन ओळखण्यासाठी संगणकावर त्याचा ड्रायव्हर बसवावा लागतो. त्याशिवाय एमसायनरसारखा एक छोटा प्रोग्रॅम मागे सतत चालू ठेवावा लागतो, कारण पोर्टलचे पान त्याच संगणकावरच्या या प्रोग्रॅमशी बोलते, तो टोकनमधली प्रमाणपत्रे विचारून घेतो, मग पडद्यावर नावांची यादी येते, आपण आपले नाव निवडून पिन टाकतो आणि तेव्हा कुठे कागदावर सही उमटते. ३० सप्टेंबरच्या आसपास कोणत्याही सीएच्या कार्यालयात जा, टेबलावर क्लायंटच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या टोकनांचा डबा दिसेल आणि एखादा आर्टिकल (सीएकडे शिकणारा उमेदवार) एकामागून एक टोकन खोचत बसलेला दिसेल. हेच टोकन अडॅप्टर लावून आयपॅडला जोडले तर त्याला वीज मिळते, पण ड्रायव्हर नाही आणि मागे चालणारा प्रोग्रॅमही नाही, त्यामुळे पोर्टलच्या पानावर प्रमाणपत्रांची यादी येतच नाही. विवरणपत्र पूर्ण भरून तयार असते, आकडे जुळलेले असतात, आणि शेवटच्या पायरीवर काम थांबते. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या टॅबलेटवर झाल्या, याचा मुदतीच्या रात्री काहीही उपयोग नसतो.

ब्राउझरच्या बाहेरही पुष्कळ काम उरतेच. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचे ऑफलाइन साधन म्हणजे मॅक्रो (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेलची फाइल आहे. आयकर खात्याची एक्सेल साधनेही मॅक्रोंवरच चालतात. आयपॅडवरचे आणि अँड्रॉइडवरचे एक्सेल हे मॅक्रो चालवत नाही. फाइल उघडते, रकाने दिसतात, पण ‘व्हॅलिडेट’चे बटण दाबले की काहीच होत नाही. टीडीएस विवरणपत्राची फाइल तपासणारे अधिकृत साधन जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि आयपॅडवर जावा नाही. एकाच नावाचे ॲप दोन्हीकडे आहे म्हणजे काम दोन्हीकडे सारखे होते, असे समजणे चुकीचे आहे.

सियागंजमधल्या व्यवहाराचा एक भाग तर संदेशात आलेलाच नाही. तिथला मुनीम महिनाअखेरीला पेन ड्राइव्ह आणून देतो आणि तिच्यात नुसत्या आकड्यांचे नाव असलेले टॅलीचे फोल्डर असते. ते आपल्या संगणकावर योग्य जागी ठेवून कंपनी उघडायची, नोंदी दुरुस्त करायच्या आणि फोल्डर परत द्यायचे, अशी पद्धत आहे. टॅबलेटच्या फाइल्स ॲपमध्ये ते फोल्डर दिसते, पण ते उघडणारे तिथे काहीच नसते. दुकानातली बिले अजूनही अनेक ठिकाणी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कार्बन लावलेल्या लांब कागदावर तीन प्रतींत निघतात, कारण एक प्रत गाडीवाल्याला द्यायची असते. त्या प्रिंटरलाही ड्रायव्हर लागतो. ही पद्धत जुनी आहे, हे मान्य. पण व्यावसायिकाला ज्या लोकांबरोबर काम करायचे असते, त्यांच्या सोयीने चालावे लागते, आणि आपण नवे यंत्र घेतले म्हणून सियागंजने प्रिंटर बदलावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

दूरच्या संगणकाला जोडून घेण्याचा उपाय मी मनापासून चांगला मानतो. प्रवासात असताना कार्यालयातल्या संगणकावरची टॅली टॅबलेटच्या पडद्यावर पाहणे सोयीचे असते. पण तेव्हा काम करणारे यंत्र कार्यालयातलाच संगणक असतो, टॅबलेट फक्त त्याचा पडदा होतो. तो संगणक विकत घ्यावा लागतो किंवा क्लाउडवर महिन्याच्या भाड्याने घ्यावा लागतो, त्याची वीज आणि इंटरनेट दोन्ही चालू राहावी लागतात, आणि टोकन त्या दूरच्या यंत्रालाच खोचलेले असावे लागते, म्हणजे तिथे कोणीतरी माणूस हवाच. ज्या व्यवस्थेला मागे एक पूर्ण संगणक लागतो, तिने संगणकाची जागा घेतली असे म्हणता येणार नाही.

आता वजन आणि पैसे. तेरा इंची एम४ आयपॅड प्रो ५७९ ग्रॅमचा आहे आणि हातात धरला तर खरोखर नवल वाटते. त्याला ॲपलचा कीबोर्ड लावला की दोन्ही मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास जाते, आणि तेरा इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचे आहे. हलकेपणा टॅबलेट एकटा असेपर्यंतच आहे. किमतीचे गणित याहून बोलके आहे. भारतात बाजारात आला तेव्हा हा आयपॅड १,२९,९०० रुपयांना होता, त्याचा कीबोर्ड ३३,९०० रुपयांना आणि पेन्सिल ११,९०० रुपयांना. तिन्ही मिळून १,७५,७०० रुपये होतात. मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचे मॅकबुक एअर आले ते ९९,९०० रुपयांना, कीबोर्डासकट आणि १६ जीबी रॅमसह. २५६ जीबीच्या आयपॅड प्रोत रॅम ८ जीबी होती. आमच्या कामाला पुरणारा साधा विंडोज लॅपटॉप तर त्या १,७५,७०० च्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळतो. बचत नेमकी कुठे होते, हे संदेशात सांगितलेले नाही.

टॅबलेट जिथे सरस आहे तिथे तो निःसंशय सरस आहे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर उभा राहणारा वकील हजार पानांचे पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा संच) टॅबलेटवर घेऊन जातो, हव्या त्या परिशिष्टावर क्षणात पोहोचतो, समासात पेन्सिलीने टिपण करतो. हे लॅपटॉपवर तितक्या सहजतेने होत नाही. सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या बांधकामावर उन्हात उभे राहून नकाशावर दुरुस्तीची खूण करणाऱ्या वास्तुरचनाकाराला लॅपटॉप उघडून बसायला जागाच नसते. चित्रकाराबद्दल तर वेगळे सांगायला नको. मात्र तोच वास्तुरचनाकार परत आल्यावर इमारतींचे आराखडे करायचा रेव्हिट हा प्रोग्रॅम उघडतो आणि रेव्हिट फक्त विंडोजवर चालते. छपाईचेही तेच. मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर टॅबलेटवर युनिकोडमध्ये उत्तम लिहिता येतो, बोलूनसुद्धा लिहिता येतो. पण पाने लावायचे इनडिझाइन आयपॅडवर नाही, आणि छापखाना जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर काम करत असेल तर मजकूर रूपांतरित करताना रफार आणि जोडाक्षरे हमखास विस्कटतात. ती दुरुस्ती जिथे तो फॉन्ट बसवलेला आहे, त्याच संगणकावर बसून करावी लागते.

विंडोज टॅबलेटची गोष्ट वेगळी आहे, आणि संदेशात तो आयपॅडच्याच ओळीत घातल्याने गोंधळ वाढला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सरफेस प्रो ३ आणला तो लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट म्हणूनच, आणि त्या दाव्यात बरेच तथ्य होते, कारण त्याच्यात पूर्ण विंडोज आहे : टॅली बसते, टोकनचा ड्रायव्हर बसतो, मॅक्रो चालतात. मांडीवर ठेवायला तो थोडा अवघड पडतो, इतकेच. फक्त २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगन चिपच्या सरफेसबाबत घेण्याआधी चौकशी करावी. त्यावर पुष्कळसे जुने प्रोग्रॅम रूपांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर तसे चालत नाहीत. ते त्या चिपसाठी वेगळे बनवलेले असावे लागतात, आणि प्रत्येक टोकन किंवा जुन्या प्रिंटरसाठी ते असतीलच असे नाही.

मला खरी काळजी विद्यार्थ्यांची आहे. वकिलाने किंवा सीएने चुकीचे यंत्र घेतले तर त्याच्या कार्यालयात दुसरा संगणक असतो. बी.कॉम. करून सीएच्या मार्गाला लागलेल्या मुलाकडे बहुधा एकच यंत्र असते, आणि ते घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेले असते. सीएच्या अभ्यासक्रमाच्या २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. शिकण्याचा काळच कमी झालेला असताना रात्री घरी बसून टॅलीत सराव करता येत नाही, एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून पाहता येत नाही, कार्यालयात दुसऱ्याचा संगणक मोकळा होण्याची वाट पाहावी लागते, हे त्या मुलाचे मोठे नुकसान आहे. अभ्यासाची पाने वाचायला आणि व्याख्याने पाहायला टॅबलेट छान असतो, पण त्यासाठी स्वस्तातला, लहानसा टॅबलेटही पुरतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी खरेदी ठरत आहे त्यांनी आधी, मुलगा किंवा मुलगी ज्या कार्यालयात जाणार आहे, तिथे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : हिशेब कोणत्या प्रोग्रॅमवर ठेवतात, टोकन कोणत्या यंत्राला लावतात, आणि घरून काम करायचे झाल्यास मुलांना काय बसवून घ्यायला सांगतात. ती उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि दुकानदाराला तो कागद दाखवून, यातले प्रत्येक काम या यंत्रावर होईल का, हे पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून करवून पाहावे.