आईच्या घरात कागदावर राहणारा भाडेकरू

सहा वर्षं माझी आई आपल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू असल्याची, म्हणजे चढ्या दराची, घरपट्टी भरत होती. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटी राहते.

बाबा आजारी असताना दोघं दोन वर्षं माझ्याकडे होती. तेव्हा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर दिला होता, मग करार एकदा वाढवला. भाडेकरू गेले, आईबाबा घरी परतले. महापालिकेच्या नोंदीतला भाडेकरू मात्र तिथेच राहिला. आई दर मे महिन्यात, सवलतीची तारीख उलटायच्या आत, रांगेत उभी राहून पैसे भरायची आणि पावती हिरव्या फायलीत लावायची. आपल्या घराची कधी एक रुपयाची थकबाकी राहिली नाही, हे ती अभिमानाने सांगते. म्हणूनच मला या प्रकाराचा इतका राग आला.

कळलं ते योगायोगाने. शेजारच्या काकांचं बिल चुकून आईच्या पत्रपेटीत पडलं. तोच मजला, तेवढंच क्षेत्रफळ, एकाच वर्षी घेतलेले फ्लॅट. त्यांचं बिल आठ हजारांच्या आत, आईचं तेरा हजारांच्या वर. आई म्हणाली, "अगं, असेल काहीतरी त्यांचं. महापालिका कशी चुकेल?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा घरपट्टीचं बिल नीट वाचलं. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी ओळीने नावं आणि त्यांच्यापुढे रक्कम. (यातला राज्य सरकारचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते.) पण ही सगळी रक्कम ज्या एका आकड्यावरून निघते, तो 'वार्षिक करयोग्य मूल्य' नावाचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता, आणि तो कसा आला याचा बिलावर कुठेही पत्ता नव्हता.

तो आकडा असा येतो. ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल याचा महापालिका अंदाज करते. त्यासाठी विभागाचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, क्षेत्रफळ आणि वापर धरतात. त्यातून दुरुस्तीसाठी कायद्याने दहा टक्के वजा होतात. उरतं ते करयोग्य मूल्य आणि प्रत्येक कर त्याच्या ठरावीक टक्क्यांनी लागतो. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरतात, म्हणजे रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जागांच्या) दरावरून काढलेली जागेची किंमत. पद्धत कुठलीही असो, क्षेत्रफळ किंवा वापर यांपैकी एक नोंद चुकली की खालचे सगळे कर चुकतात. आणि दर वर्षी चुकतात.

वापराची नोंद किती महत्त्वाची आहे, ते पुण्यातल्या लोकांना विचारा. तिथे स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती. २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा लागू केली. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांना आपण स्वतःच त्या घरात राहतो हे पीटी-३ नावाच्या अर्जावर पुराव्यासकट सांगावं लागलं. अर्ज दिला नाही तर सवलत नाही.

आता शोधायचं कसं, ते सांगते. बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकला की बिल, थकबाकी आणि जुने भरणे दिसतात. ते दिसतं म्हणजे सगळं दिसतं असं समजू नका. मला हवी होती ती माहिती 'आकारणी उताऱ्या'त, म्हणजे कर कशावरून लावला त्या नोंदींच्या प्रतीत, होती आणि तो मागायला विभागीय कार्यालयात जावं लागलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "उतारा कशाला हवाय? बिल आहे ना तुमच्याकडे?" मी लेखी अर्ज दिला, शुल्क भरलं, तिसऱ्या खेपेला उतारा हातात पडला. त्यावर वापराच्या रकान्यात लिहिलं होतं: भाडेकरू.

आईने तो शब्द दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

घरी येऊन आम्ही बाबांची फाइल उघडली. भाडेकरू गेल्याचं बाबांनी महापालिकेला कळवलं होतं. त्यांच्या सुवाच्य अक्षरातली पत्राची प्रत होती. पण तिच्यावर आवक शिक्का नव्हता. कुणाच्या तरी हातात पत्र देऊन, विश्वासाने, ते परत आले असणार. शिक्का नाही म्हणजे ते पत्र कार्यालयाच्या लेखी कधी आलंच नाही. तेव्हापासून शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी त्या खिडकीसमोरून हलत नाही, आणि तुम्हीही हलू नका.

दुरुस्तीच्या अर्जासोबत आम्ही जोडलं ते साधंच होतं: मुदत संपलेला भाडेकरार, आईच्या नावाचं वीजबिल आणि गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र. निरीक्षक येऊन घर बघून गेले. ते सभ्य माणूस होते, हे मुद्दाम सांगते. त्यांच्याकडे इतक्या मिळकती होत्या की प्रत्येक घरात जाणं एका माणसाला शक्यच नाही. चालू वर्षापासून नोंद बदलली. मागच्या सहा वर्षांचा फरक? "मॅडम, तुम्ही वेळेत हरकत घेतली नव्हती."

ही 'वेळ' नीट समजून घ्या. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. करयोग्य मूल्य नव्याने ठरवलं किंवा वाढवलं, की मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी एकवीस दिवसांची मुदत असते. हरकत घेतली की सुनावणी होते, बाजू मांडता येते. तिथे समाधान झालं नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. पण त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत पाळावी लागते, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम भरलेली असावी लागते. म्हणजे लढाईची खरी जागा ती विशेष नोटीस आहे. बिल येतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आणि ही नोटीस लोक कसली समजतात? जाहिरात. दारात खोचलेला कागद वर्तमानपत्राच्या रद्दीत जातो.

वाद आहे म्हणून कर थांबवूही नका. मुदतीनंतर महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड) लागते आणि ती वर्षाला चोवीस टक्क्यांवर जाते. आकारणी मान्य आहे असं न समजता, हक्क राखून रक्कम भरत आहोत, असं पत्र द्या आणि भरून टाका. ऑनलाइन भरताना खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तीन-चार दिवसांनी थकबाकी पुन्हा बघा. मोबाइलवर आलेल्या लिंकवरून तर मुळीच भरू नका.

मला महापालिकेला बुडवायचं नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी संपला, २०१७ पासून जीएसटी आहे. महापालिकेला स्वतः गोळा करता येणारा मोठा पैसा आता आपल्या घरपट्टीचाच आहे. रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, अग्निशमन बंब त्यातूनच चालतात. आई जे भरते ते योग्यच आहे, आणि म्हणूनच तिच्याकडून जास्त घेणं मला सहन होत नाही. दर काही वर्षांनी थकबाकीदारांसाठी अभय योजना निघते, शास्ती माफ होते. वेळेवर भरणाऱ्याने जास्तीचे भरलेले पैसे परत मागितले की मात्र मुदत आठवते. हे न्याय्य नाही.

माझी मागणी एवढीच आहे की बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब छापा. क्षेत्रफळ किती धरलं, दर कुठला लावला, वापर काय नोंदवला, कोणती सवलत दिली. चार ओळी लागतात. आईच्या बिलावर 'वापर: भाडेकरू' एवढे दोन शब्द असते, तर तिने पहिल्याच वर्षी चष्म्यातून बघून विचारलं असतं. मुंबई महापालिकेचे भांडवली मूल्याचे काही नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तिथे मालकांकडे वकील होते, हिशोब होता. एकट्या राहणाऱ्या बाईकडे फक्त बिल असतं.

आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. आता सगळ्यांनी उतारे मागवले. एका घरात उघडी गच्ची बंद खोली म्हणून मोजली आहे. एक काकू वारसनोंद न केल्यामुळे अजूनही सासऱ्यांच्या नावाने बिल भरतात.

सहा वर्षांचा फरक पुढच्या बिलांत वळता करावा, असा अर्ज आईने दिला आहे. या वेळी तिने स्वतः शिक्का मारून घेतला आणि आवक क्रमांक हिरव्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला. सुनावणी पुढच्या बुधवारी आहे. मी रजा टाकली आहे.