ताप गोळीने दाबून विमानात बसणाऱ्यांनो

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुन्हा तेच फॉरवर्ड. विमानप्रवासात आजारी पडू नये म्हणून पाणी प्या, हात धुवा, व्हिटॅमिन सी घ्या. डोकंच फिरलं. सगळे उपदेश धडधाकट माणसाला! जो ताप घेऊन विमानात चढतो त्याला कोणी काही बोलायचंच नाही?

मागे एकदा रात्रीच्या विमानात आईच्या शेजारचे गृहस्थ फोनवर सांगत होते, "ताप आहे, पण गोळी घेतलीय. तिकीट वाया कशाला घालवू?" आणि मग खोकला सुरू. उघड्या तोंडाने. मी बॅगेतला मास्क पुढे केला, तर म्हणे गुदमरायला होतं. क्रूकडे दुसरी सीट मागितली, विमान गच्च भरलेलं. शेवटी आईला उठवून मीच मधे बसले.

पाणी प्या हे बरोबरच आहे म्हणा, केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, घसा कोरडा पडतो. आणि विमानातल्या हवेला उगाच शिव्या घालू नका. ती तासाला २०-३० वेळा बदलते, वरून येते, पायाशी शोषली जाते. ती गाळणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो. पण शेजाऱ्याच्या तोंडापासून आपल्या नाकापर्यंत हातभर अंतर, तिथे कुठला फिल्टर? २००३ साली हाँगकाँगहून बीजिंगला जाणाऱ्या एका विमानात सार्स या श्वसनाच्या साथीच्या रोगाच्या एकाच रुग्णाकडून वीसेक जणांना लागण झाल्याचं आढळलं होतं. तरी आपलं तिकीट महत्त्वाचं!

विमान उतरायला लागलं तसे ते गृहस्थ कान दाबून कळवळायला लागले. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सारखा होत नाही, कधी पडदाही फाटतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, हात थरथरत होते. मी उघडून दिलं. रागावायचं तरी किती?

रजा मिळत नाही, तारीख बदलायला विमान कंपन्या वाट्टेल ते पैसे लावतात. मान्य. त्यांचाही राग येतोच.

पण नंतर आई आठवडाभर खोकत होती. त्यांच्याकडूनच आलं हे सिद्ध करता येणार नाही. मला विचाराल तर त्यांच्याकडूनच. जाणं टळतच नसेल तर निदान मास्क लावा, गुदमरलं तरी लावा, आणि शेजारी म्हातारं माणूस असेल तर बसायच्या आधी सांगा की मला ताप आहे.