जिजीच्या कुरडया आणि आमचा एसी

मे महिन्यात अमळनेरात कुणाचा एसी गार करेनासा झाला की निदानाला डिग्री-बिग्री लागत नाही, दारावरून जाणारा कोणीही करतो. आमच्या दीड टनीचं निदान दूधवाल्यापासून सुरू झालं. तो म्हणे व्होल्टेज. शेजारचे आप्पा म्हणे स्लॅब तापतो भो, वरतून चुना मारा. बायकोचा भाऊ धुळ्याहून फोनवर म्हणे दाजी, मी तेव्हाच सांगत होतो दोन टन घ्या. आणि बायको म्हणे हा एसी पहिल्या दिवसापासून असाच आहे, जे अजिबात खरं नव्हतं, पण पारा 45 च्या वर गेला की वाद घालायचा नाही हा आमच्या घरातला नियम आहे.

लक्षणं मात्र विचित्र. रात्री दोनला हाच एसी असा गार करायचा की पोरं चादरीसाठी भांडायची, आणि दुपारी एक वाजला की नुसता वारा. मध्येच बाहेरचं युनिट खट्ट करून गप्प व्हायचं, आतला पंखा आपला चालूच, डिस्प्लेवर 24, आणि अख्खं घर त्या 24 कडे बघत घाम पुसतंय. थोड्या वेळाने बाहेर परत घर्रर्र, जरा गारवा, परत खट्ट. पोराने 16 करून पाहिलं. आता कंप्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप, आधीच जीव तोडून पळतोय, त्याला अजून लहान आकडा दाखवला म्हणून तो काय उडणार आहे का, पण हे पोराला पटत नाही आणि मला पटवायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात लाईट बिल आलं. ते वाचून तेवढा मी गार पडलो.

मेकॅनिक आला. सीझनमध्ये मेकॅनिक घरी येणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे आधी त्याला ताक दिलं. त्याने ताक पीत पीत आतल्या युनिटकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गॅस कमी झालाय. भरून देतो." गॅसचं प्रेशर मोजायचं गेज त्याच्या गाडीच्या डिक्कीतच होतं! म्हणजे न मोजताच. मी म्हटलं भाऊ, गॅस गेला कुठे? तर म्हणे दरवर्षी थोडा थोडा उडतो. अहो, एसीतला गॅस काही स्वयंपाकाचा सिलेंडर नाही वापरून संपायला, बंद पाइपात तोच तोच फिरत असतो, कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता वरून भरला तर तो त्याच भोकातून परत जाणार. शिवाय गॅस कमी असला तर रात्री तरी एवढं गार कसं झालं असतं? हे विचारल्यावर त्याला एकदम दुसरा कॉल आठवला.

खरं निदान केलं ते आमच्या जिजीने. जिजी म्हणजे आजी, वय विचारायचं नाही. एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर कठड्याला पाठ लावून उभं आहे आणि त्याच्यासमोर जिजीची खाट असते, कारण कुरडया. ऊन उतरल्यावर ज्या ओलसर राहतात त्या जिजी युनिटच्या गरम वाऱ्यात ठेवते. फुकटचं ड्रायर. कंपनीने माहितीपत्रकात हा उपयोग का छापला नाही कोण जाणे. तर त्या संध्याकाळी जिजी गच्चीवरून ओरडली, "भाऊ, तुनी पेटी यंदा फुकत नहीं रे! मागला साले कुरडया कडक व्हयी जायेत, यंदा गिल्ल्याच!"

मी वर जाऊन पंख्यासमोर हात धरला. पंखा गरगर फिरतोय, पण वारा नावाला. मग वर्तमानपत्राचं एक पान घेऊन मागच्या जाळीला लावलं. मागून हवा आत ओढली जात असेल तर पान आपोआप चिकटून राहायला पाहिजे, आमचं सरळ खाली पडलं. कठडा आणि युनिट यांच्यात जेमतेम वीतभर जागा, तिथे मोबाईलचा टॉर्च घातला आणि दिसलं ते बघून मी जिजीलाच हाक मारली.

कापूस! खान्देशात राहतो, दुसरं काय निघणार. हिवाळाभर पलीकडच्या जिनिंगमधून उडालेली रुई, वर एप्रिलमध्ये फुटलेल्या सावरीच्या म्हाताऱ्या, त्यावर वावधनाची, म्हणजे वादळवाऱ्याची धूळ, मध्ये पारव्याची दोन पिसं. सगळं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर गोधडीसारखं घट्ट बसलेलं. तो कंडेन्सर, म्हणजे बाहेरची कॉइल. खोलीतली सगळी उष्णता गॅस तिथे आणून टाकतो आणि पंखा ती बाहेर फेकतो, आणि फेकायची तर कॉइल बाहेरच्या हवेपेक्षा गरम पाहिजे. आता एसीचा टनेज, म्हणजे गार करायची ताकद, तपासतात तेव्हा बाहेरचं तापमान धरतात 35 डिग्री. 35! आमच्याकडे मे मध्ये सकाळी आंघोळ होईपर्यंत 35 होतं. म्हणजे दुपारी बिचाऱ्याला आधीच जड, त्यात अंगावर कापूस, मग प्रेशर वाढतं, कंप्रेसर तापतो, त्याचं ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापला की त्याला बंद करणारं बटन, खट्ट करून पडतं आणि थंड झालं की परत चालू. रात्री बाहेरची हवा उतरली की तेवढ्या कापसातूनही भागून जातं. सगळं जुळलं. दरवर्षीच्या "सर्व्हिस"मध्ये आतले फिल्टर धुतात, बाहेरच्या युनिटचं तोंड फडक्याने पुसतात, पाठीकडे कोण बघतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत कामाला लागलो. आधी एमसीबी, म्हणजे एसीची लाईट तोडणारा खटका, पाडला, नुसता रिमोटने बंद नाही, आणि एमसीबीच्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलं "हात लावू नये", कारण आमच्या घरात बंद बटन दिसलं की चालू करणारे तीन जण आहेत. वरचं झाकण उघडलं. आत कॅपॅसिटर असतो, लाईट बंद असली तरी त्याच्यात करंट शिल्लक राहतो, त्या बाजूला बोटही नेलं नाही, वायरिंगवर प्लास्टिकची पिशवी बांधली. मग मऊ ब्रश, पत्र्यांच्या दिशेने वरून खाली, आडवा फिरवला की ते पत्रे दुमडतात आणि मग तिथून हवा जातच नाही. कापसाची अख्खी लादी एका तुकड्यात निघाली. जिजीने ती हातात घेऊन उलटीपालटी केली, म्हणे उशी व्हई जाई एक.

मग साध्या नळीने हलकं पाणी, आतून बाहेर, म्हणजे घाण आली तशीच मागे जाते. आप्पा त्यांचा गाडी धुवायचा प्रेशर पंप घेऊन आले होते, त्यांना चहा देऊन लांब बसवला, त्या धारेने पत्रे आडवे झाले असते. दोन-चार दुमडलेले होते ते जिजीच्या जुन्या फणीने सरळ केले (फणी मी परत केली, तिने घेतली नाही). सगळं वाळू दिलं आणि मग एमसीबी चढवला.

पान चटकन चिकटलं. समोरून असा गरम झोत आला की मी दोन पावलं मागे, आणि दुपारी, ऐन दुपारी, खोली गार! हे करूनही गार झाला नसता किंवा आतल्या बारीक पाइपवर बर्फ दिसला असता तर मीच मेकॅनिकला फोन करून म्हटलं असतं, ये बाबा, गेज घेऊन ये.

आता अडचण वेगळीच आहे. गच्चीवर आप्पांच्या घरचे बिबडे आले, समोरच्या वहिनींचे सांडगे आले. खाट युनिटपासून चांगली लांब ठेवा म्हणून मी खडूने रेघ मारून दिली, समोर अडवलं तरी तेच रडगाणं. काल संध्याकाळी जरा वारा सुटला म्हणून एसी बंद केला तर वरून जिजीची हाक, "भाऊ, बंद करू नको रे, वहिनीना सांडगा अजून गिल्ला शेतस!" मी म्हटलं वहिनींकडून लाईट बिलाची वर्गणी घे मग. वहिनींनी डबाभर सांडगे पाठवलेत. बायकोने ते ठेवून घेतले आणि एसी परत चालू केला.